एडिट आणि रिमिक्स एकच नव्हे

कोणीतरी म्हटलंय की जुन्या आफ्रिकन डिस्कोला हात लावणारे डीजे मूळ गाण्याची वाट लावतात. अर्धंच पटलं.

त्या जुन्या रेकॉर्डमध्ये ड्रम माणूस वाजवतोय. रंगात आला की लय किंचित पळते, मग सावरते. डीजेला मात्र दोन गाणी एकमेकांत बेमालूम मिसळायची असतात. म्हणून तो ठोके सरळ रेषेत आणतो, सुरुवातीला नुसता ताल ठेवतो, बेसचा तुकडा दोनदा जास्त फिरवतो. हे झालं एडिट. उरलेलं गाणं जसंच्या तसं. नायजेरियन गायक स्टीव्ह मोनाइटचं १९८४ चं 'ओन्ली यू' आज लोक नाचतात ते बऱ्याचदा अशाच एडिटवर. लय फारच सरळ केली तर गाण्यातला झोका जातो, ही तक्रार मात्र खरी.

रिमिक्स वेगळं, त्यात नवे ड्रम, नवे सूर घालतात. विल्यम ओन्याबोरच्या बाबतीत मला त्याची गरजच कळत नाही. नायजेरियातल्या एनुगूत बसून या बाबानं सिंथेसायझरवर आठ-आठ, दहा-दहा मिनिटांची गाणी करून ठेवलीत! लुआका बॉप या रेकॉर्ड कंपनीनं २०१३ मध्ये त्याचा संग्रह काढला तेव्हा तो हयात होता, पण ख्रिस्ती भक्तीत रमलेला. जुन्या गाण्यांबद्दल बोलायलाच तयार नव्हता. २०१७ मध्ये गेला.

आधी मूळ ऐका, तेही हेडफोन लावून.