सागवानी बास गिटारला कमी खर्चात रंग कसा द्यावा?

पडवीतला बास (रत्नागिरी)

नमस्कार.

आमच्या जुन्या घराच्या दुरुस्तीत निघालेल्या सागवानी दारांच्या फळ्या जोडून मी एका बास गिटारची बॉडी तयार केली आहे. आराखडा अमेरिकेतल्या फेंडर कंपनीच्या प्रिसिजन बासचा आहे. नेक (दांडी), पिकअप (तारांची कंपने टिपणारा चुंबकी भाग), ब्रिज (बॉडीवर तारा टेकतात तो धातूचा भाग) आणि खुंट्या विकत आणल्या आहेत. नेक मेपलची असून तिला कारखान्यातलेच फिनिश आहे, म्हणून तिच्याविषयी काही विचारायचे नाही. प्रश्न फक्त बॉडीचा आहे. सुट्या भागांवरच बहुतेक रक्कम खर्च झाल्यामुळे रंगकामासाठी दोन हजार रुपयांहून अधिक काढता येणार नाहीत. कॉम्प्रेसर आणि स्प्रे गन नाही. पडवीतली मोकळी जागा आणि सवड मात्र भरपूर आहे.

साठच्या दशकातल्या अमेरिकी बासवर दिसतो तसा फिकट आकाशी रंग मला हवा आहे. उरलेल्या तुकड्यावर आधी सँडिंग सीलर (लाकडाची रंध्रे बंद करणारा पहिला थर), त्यावर आकाशी रंगाचा स्प्रे कॅन आणि शेवटी एन. सी. (नायट्रोसेल्युलोज) क्लिअर, म्हणजे पारदर्शक लॅकर असा क्रम लावून पाहिला. लॅकर मारल्यावर काही मिनिटांतच त्यावर दुधासारखी पांढरट झाक आली. तुकड्याच्या एका कडेला दाराचा जुना ऑइलपेंट थोडा उरला होता, तेथे रंगाला सुरकुत्या पडल्या. शिवाय आठवड्याभरात सागाच्या रेषा रंगातून वर दिसू लागल्या, जरी सुरुवातीला पृष्ठभाग अगदी सपाट वाटत होता.

सध्या पाऊस थांबण्याचे चिन्ह नाही. काम दसऱ्यापर्यंत पुढे ढकलावे, की या हवेतही चालेल असा एखादा मार्ग आहे? आणि झाकणारा रंग न देता निळ्या डायने लाकूड रंगवून सागाचे रेषाकाम दिसू दिले, तर खर्च आणि त्रास दोन्ही वाचतील का?

रंगशाळा (कोल्हापूर)

आपल्या तुकड्यावर तीन निरनिराळे दोष दिसले आहेत. त्यांची कारणे वेगळी आहेत आणि उपायही वेगळे आहेत, म्हणून ते एकेक करून पाहू.

पांढरट झाक ही ओलाव्याची आहे. लॅकरमधले थिनर झपाट्याने उडते, त्यामुळे पृष्ठभाग एकदम थंड होतो आणि थंड पाण्याच्या तांब्यावर बाहेरून थेंब जमावेत तसे हवेतले बाष्प त्यावर जमून ओल्या थरात अडकते. स्प्रे गनवाला कारागीर अशा वेळी सावकाश उडणारे रिटार्डर थिनर मिसळतो. स्प्रे कॅनमध्ये ते घालता येत नाही. हवेतील आर्द्रता सत्तर टक्क्यांच्या वर असेल, तर कॅन हातात घेऊच नये असे माझे स्पष्ट मत आहे, आणि आषाढ-श्रावणातल्या कोकणात ती त्याहून खाली क्वचितच येते. तेव्हा फवारणी दसऱ्यानंतरच करावी. तोवरचा वेळ वाया जाणार नाही, कारण या कामाचा मोठा भाग रंगाचा डबा उघडण्यापूर्वीच व्हायचा असतो.

सुरकुत्यांचे कारण ऑइलपेंट हेच आहे. लॅकरचे थिनर ऑइलपेंटला खालून फुगवते, म्हणून जुन्या रंगाचा कणही बॉडीवर राहता कामा नये. येथे मात्र एका गोष्टीकडे आपण गांभीर्याने पाहावे. घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण ९० पीपीएमपेक्षा (दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा) कमी ठेवण्याचा नियम भारतात २०१७ च्या अखेरीस लागू झाला. त्यापूर्वीच्या, विशेषतः पिवळ्या, हिरव्या आणि लाल ऑइलपेंटमध्ये शिसे असण्याची शक्यता बरीच असते. असा रंग कोरडा घासून त्याची धूळ पडवीत उडवू नये. आधी पेंट रिमूव्हर लावून पत्र्याच्या पट्टीने तो खरवडावा, उरलेला वॉटर पेपरने ओलाच घासावा आणि निघालेला चोथा कागदात गुंडाळून मुलांच्या हाती लागणार नाही असा टाकावा.

तिसरा दोष सागाच्या रंध्रांचा आहे. सागाची रंध्रे मोठी आणि खोल असतात. पातळ सीलर त्यांच्यावर ताणून बसतो, सुकताना आकसतो आणि मग रेषा वर येतात. फेंडर कंपनी झाकणाऱ्या रंगांसाठी प्रामुख्याने ऑल्डर वापरत असे, त्याची रंध्रे बारीक असल्यामुळे तिला हा त्रास कमी होता. आपल्याला ती भरावीच लागतील. बॉडी ८० पासून २२० नंबरपर्यंतच्या काचकागदाने रेषांच्या दिशेने घासावी, स्वच्छ फडक्याला थिनर लावून सागाचे तेल पुसून काढावे आणि सीलरचा एक हात झाल्यावर गाड्यांच्या कामात वापरतात ती एन. सी. पुट्टी रबराच्या पट्टीने रेषांना आडवी ओढावी. थर कागदाइतका पातळ हवा. जाड थर वरून सुकतो, आतून ओला राहतो आणि महिन्याने खचतो. दाराच्या खिळ्यांची भोके मात्र या पुट्टीने भरू नयेत. त्यांत सागाचाच भुसा आणि एपॉक्सी घट्ट भरावे. पुट्टी सुकल्यावर ३२० ने घासावे, बॉडी तिरप्या उजेडात धरून पाहावी आणि जेथे रेषा उरली असेल तेथे पुन्हा ओढावी. बॉडीच्या गोलाईवर जेथे लाकडाचा आडवा छेद उघडा पडतो, ती जागा रंग सर्वाधिक पिते, तेव्हा तिला सीलरचा एखादा हात अधिक द्यावा.

रंग देताना बॉडी हाताळण्यासाठी नेक बसते त्या खाचेत हातभर लांबीची पट्टी नेकच्याच स्क्रूंच्या भोकांतून घट्ट बसवावी, म्हणजे धरायला मूठ होते आणि टांगायलाही सोय होते. आधी पांढरा प्रायमर, मग आकाशी रंग आणि शेवटी क्लिअर, असे सर्व कॅन एकाच कंपनीचे घ्यावेत, कारण निरनिराळ्या कंपन्यांचे थर एकमेकांशी जमतीलच असे नसते. कॅन कोमट पाण्यात ठेवून चांगला हलवावा, वीत-सव्वा वीत अंतरावरून फवारावे, फवारा बॉडीच्या बाहेर सुरू करून बाहेरच संपवावा आणि प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर निम्मा चढवावा. आमच्याकडच्या भावाने प्रायमरचा एक, रंगाचे दोन आणि क्लिअरचे दोन असे पाच कॅन, पुट्टी आणि कागद धरून सारे दोन हजारांत बसते.

स्वस्तात अधिक टणक फिनिश हवे असेल, तर आकाशी रंगापर्यंतचे सर्व काम घरी करून बॉडी ओळखीच्या डेंटिंग-पेंटिंगवाल्याकडे न्यावी. तो एखाद्या गाडीचा बंपर रंगवत असेल, त्याच वेळी उरलेला टू-के (हार्डनर मिसळून वापरायचा, दोन भागांचा) क्लिअर तिच्यावर मारून घेता येतो आणि त्यासाठी तो फारसे पैसे मागत नाही. हे काम पडवीत मात्र करू नये. टू-केच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असते. त्याचा फवारा फुप्फुसांना कायमचा दमा लावू शकतो आणि तोंडाला बांधलेला रुमाल त्यापुढे निरुपयोगी आहे.

तुंबा आणि तून (मिरज)

वरील सल्ला अचूक आहे, पण आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर राहिले. साग मुळात पिवळसर तपकिरी असतो, त्यामुळे त्यावर पारदर्शक निळा डाय दिला तर डोळ्यांना हिरवट, मळकट छटा दिसेल. आकाशी रंग हवाच असेल, तर खाली पांढरा प्रायमर देऊन लाकूड झाकण्याला पर्याय नाही.

तरीही जुना, पिकलेला साग झाकण्यापूर्वी आपण एकदा लाखेच्या पॉलिशचा विचार करावा, असे मला मनापासून वाटते. आमच्या गावच्या सतारी आणि तंबोऱ्यांना, ज्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, पिढ्यान्‌पिढ्या हेच पॉलिश होत आले आहे. त्याला यंत्र लागत नाही. चपडा लाख (पातळ पापुद्र्यांच्या रूपात मिळणारी), स्पिरिट, कापूस आणि जुने मऊ सुती कापड एवढेच साहित्य. एक लिटर स्पिरिटला दीडशे ते दोनशे ग्रॅम लाख काचेच्या बाटलीत भिजत घालावी आणि अधूनमधून हलवावी. लोखंडी डबा वापरू नये, त्यात लाख काळवंडते. दुसऱ्या दिवशी मलमलीतून गाळून घ्यावे. कापसाचा बोळा द्रावणात भिजवून पिळावा, तो सुती कापडात बांधावा आणि तळहातावर दाबून पाहावा: ओलसर ठसा उमटला पाहिजे, थेंब गळता कामा नये. मग न थांबता लांब, सरळ हात फिरवावा. बोळा पृष्ठभागावर क्षणभर जरी थांबला, तरी खालचा थर विरघळून तेथे डाग पडतो. बोळा ओढू लागला, तर त्यावर जवसाच्या तेलाचा एखादा थेंब घ्यावा.

काही मिनिटांत थर सुकतो, त्यामुळे एका दिवसात अनेक हात होतात. पावसाळ्यात लाखेवरही पांढरी झाक येऊ शकते, पण उघडीप मिळालेल्या दुपारी दारे लावून काम केले तर ते साधते. पुढे ओरखडा पडला तर ताजा हात जुन्या थरात मिसळून एकजीव होतो, आणि ही सोय टू-केमध्ये नाही. जुने द्रावण नीट सुकत नाही, चिकट राहते. लागेल तेवढेच करावे. खर्च पाचशे रुपयांच्या आत राहील.

पडवीतला बास (रत्नागिरी)

दोघांचेही मनःपूर्वक आभार. जुना रंग ओलाच काढण्याचे काम उद्याच सुरू करतो. शिशाची गोष्ट माझ्या ध्यानातही आली नव्हती.

लाखेविषयी वाचून असे मनात आले की, दर्शनी बाजूला आकाशी रंग आणि पाठीला लाखेचे पॉलिश असे करता येईल का? तसे केल्यास खालचा पहिला थर सगळीकडे लाखेचाच ठेवून त्यावर प्रायमर चालेल का? आणि वाजवताना येणाऱ्या घामाने लाख टिकेल का?

चार तारा (मडगाव)

घामाच्या प्रश्नाचे उत्तर मी देऊ शकतो, कारण लग्नाच्या हंगामात आम्ही समुद्राकाठच्या उघड्या मांडवांत तासन्‌तास वाजवतो. लाखेला सर्वाधिक त्रास दोन ठिकाणी होतो: उजवा हात जेथे बॉडीच्या कडेवर टेकतो तेथे आणि पाठीवर, जेथे पोटाचा घाम लागतो. पहिल्यांदा चमक जाते, मग जागा चिकट आणि पांढुरकी होते. बास घरातच वाजणार असेल तर लाख उत्तम. कार्यक्रमांत वाजणार असेल, तर पाठीला लाखेवर क्लिअरचा संरक्षक थर द्यावा. मद्याचा एक थेंब सांडला तरी लाख विरघळते, हेही ध्यानात ठेवावे.

स्प्रे कॅनला आपण तडजोड मानू नये. १९५१ साली प्रिसिजन बास बाजारात आणणाऱ्या फेंडरने पुढे जे रंगीत पर्याय दिले, ते ड्युपाँ कंपनीचे मोटारींसाठीचेच रंग होते. आपल्याला हवा असलेला आकाशी, म्हणजे सॉनिक ब्लू, हा कॅडिलॅक गाडीचा रंग होता. गाड्यांचे रंग मिसळून देणाऱ्या दुकानात छटा दाखवली, तर काही ठिकाणी ती कॅनमध्ये भरूनही मिळते. मेटॅलिक छटा टाळली हे चांगले केले: तिच्यातले चमकदार कण घासले की डाग दिसतात, त्यामुळे दुरुस्तीला वावच राहत नाही.

रंगापूर्वी सर्व भोके पाडून घ्यावीत आणि नेकची खाच आतून मास्किंग टेपने पूर्ण झाकावी. तेथे रंगाचे थर चढले तर नेक खाचेत ठोकून बसवावी लागते आणि कोपऱ्यांत रंगाला तडे जातात. रंगानंतर प्रत्येक भोकाच्या तोंडाशी मोठ्या ड्रिलबिटचे टोक हातानेच फिरवून रंगाची कड किंचित उतरवावी, म्हणजे स्क्रू पिळताना रंग वर उचलला जात नाही.

बॉडीवरच्या फिनिशने आवाज बदलेल का, असे आपण विचारले नाही; तरी सांगतो की, चुंबकीय पिकअपच्या सॉलिड बॉडी बासमध्ये त्याचा परिणाम कानांना जाणवण्याइतका नसतो. त्या चिंतेपोटी थर पातळ ठेवून पॉलिश करताना लाकूड उघडे पाडू नये.

रंगशाळा (कोल्हापूर)

लाखेचा पहिला थर सगळीकडे चालेल, किंबहुना सागासारख्या तेलकट लाकडाला तो हिताचाच आहे, कारण आतले तेल वरच्या थरांपर्यंत येऊ देत नाही. मात्र साध्या चपड्यात नैसर्गिक मेण असते आणि मेणावर पुढचा थर, विशेषतः टू-के, नीट धरत नाही. गाळलेले द्रावण काही दिवस न हलवता ठेवावे. मेणाचा गढूळ थर खाली बसतो. वरचे स्वच्छ द्रावण अलगद ओतून घेऊन रंगाखाली तेवढेच वापरावे. पाठीची आणि पुढची सीमा बॉडीच्या गोलाईवर न ठेवता बाजूच्या सरळ भागावर ठेवावी, तेथे टेप नीट बसते आणि कड स्वच्छ येते.

क्लिअर मारल्यावर किमान तीन आठवडे बॉडीला हात लावू नये. नख दाबून ठसा उमटत नाही आणि जवळून वास येत नाही, तेव्हा ती तयार झाली असे समजावे. मग १००० नंबरचा वॉटर पेपर रबराच्या ठोकळ्यावर गुंडाळून, पाण्यात साबणाचा थेंब घालून घासावे, पुढे १५०० आणि २००० घ्यावा आणि शेवटी रबिंग कंपाउंडने चमक काढावी. कडांवर कागद अजिबात नेऊ नये, तेथे क्लिअर सर्वांत पातळ असतो. कडा कंपाउंडनेच उजळाव्यात.

वायरिंगचे एक राहिले. ब्रिजखाली अर्थची वायर येते त्या भोकाभोवती, ब्रिजने झाकली जाईल एवढ्याच जागेत, रंगापूर्वी टेप लावून लाकूड उघडे ठेवावे आणि वायरचे तोंड सोलून, पसरून ब्रिजच्या धातूला थेट टेकेल असे बसवावे. ब्रिज बसवल्यावर मल्टिमीटरचे एक टोक ब्रिजला आणि दुसरे जॅकच्या अर्थला लावून पाहावे. जोडणी दाखवली की मगच तारा चढवाव्यात.