पर्मसाठी प्रचलित वेतन राज्याच्या कामगार खात्याकडून मागवायचं का?

प्रश्न: कंपनी न्यू जर्सीत, ग्रीन कार्डसाठी पर्म (कंपनीने कामगार खात्याकडून घ्यायचं प्रमाणपत्र) सुरू होतेय. त्याआधी प्रचलित वेतन, म्हणजे त्या भागात त्या कामाला साधारण मिळणारा पगार, ठरवून घ्यायचंय. जुन्या माहितीत राज्याच्या खात्याकडे अर्ज करा असं लिहिलंय. खरंय का?

विहीर_१४: ती माहिती २००९ पर्यंतची. १ जानेवारी २०१० पासून हे काम अमेरिकेच्या केंद्रीय कामगार खात्याच्या राष्ट्रीय प्रचलित वेतन केंद्राकडे आहे. फॉर्म ईटीए-९१४१, खात्याच्या फ्लॅग या ऑनलाइन पोर्टलवर. अर्ज कंपनीच (किंवा तिचा वकील) करते, तुम्ही नाही. एच-१बी व्हिसासाठी मात्र केंद्राचा हा वेतन-निर्णय सक्तीचा नाही.

माळरान: खरी मेख पदाच्या अटींत असते. वेतनाच्या पातळ्या चार, अटींचे गुण वाढले की पातळी वर जाते. त्या व्यवसायाला साधारण पदवी पुरत असताना मास्टर्स मागितलं की एक गुण वाढतो, पीएचडी मागितली तर दोन. हाताखाली माणसं असली तरी बहुधा एक. ‘असलेलं बरं’ म्हणून अटी ठोकू नका, पगार उगाच वर जातो. कामाची सगळी ठिकाणंही फॉर्ममध्येच द्या.

विहीर_१४: आणि वेतन-निर्णयाची वैधता बघा, ९० दिवस ते एक वर्ष. त्या मुदतीत भरतीच्या जाहिराती सुरू व्हायला हव्यात, नाहीतर पर्मचा अर्ज तरी जायला हवा. निर्णय पटला नाही तर ३० दिवसांत फेरविचार मागता येतो.