सरकारी दवाखान्यात केसपेपर आणि औषधं कुठं फुकट, कुठं नाही? (सांगली-सातारा)

येरळाकाठ, तासगाव तालुका
नमस्कार. आईचं वय ६८, बीपी आणि शुगर दोन्ही आहे. सध्या खाजगी डॉक्टरांच्या गोळ्या चालू आहेत, आता इन्सुलिनही सुरू करायचं म्हणतात. शिवाय वहिनींना सातवा महिना आहे. तालुक्याला केसपेपरचे पैसे घेत नाहीत, सांगलीला सिव्हिलला मात्र लागतात असं सगळे सांगतात. दोन्ही सरकारीच, मग नियम वेगळा का? आमचं रेशनकार्ड केशरी आहे. औषध बाहेरून आणा म्हणून चिठ्ठी दिली तर काय करायचं? आणि ५ लाखांच्या योजनेत महिन्याच्या गोळ्या बसतात का? नीट माहिती असणाऱ्यांनी सांगा.

कृष्णामाई_मिरज
दोन्ही सरकारी खरे, पण खाती वेगळी आहेत. प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रामीण रुग्णालय, उपजिल्हा रुग्णालय, जिल्हा रुग्णालय ही सार्वजनिक आरोग्य विभागाची साखळी. तिथं १५ ऑगस्ट २०२३ पासून केसपेपर, तपासण्या, भरती आणि औषधं निःशुल्क आहेत आणि त्याला रेशनकार्डाचा रंग बघायचा नाही. सांगलीचं सिव्हिल आणि मिरजेचं सिव्हिल ही दोन्ही मिरजेच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाला जोडलेली, म्हणजे वैद्यकीय शिक्षण विभागाची. तो निर्णय त्यांना लागू झाला नाही. म्हणून तिथं केसपेपर, एक्स-रे, सोनोग्राफी, रक्ततपासणी यांचे सरकारी दर लागतात. खाजगीच्या मानानं ते किरकोळ असतात, पण फुकट समजून रिकाम्या खिशानं जाऊ नका.

वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबांना सवलत आहे. कार्ड पावती फाडायच्या आधी खिडकीवर दाखवायचं. पावती झाल्यावर पैसे परत मिळवणं फार किचकट. तुमचं कार्ड केशरी आहे, त्यामुळं ही सवलत आपोआप मिळणार नाही. खरोखर ऐपत नसेल तर तिथल्या समाजसेवा अधीक्षकांना भेटा. हे पद त्याचसाठी असतं आणि बहुतेकांना ते असतं हेच ठाऊक नसतं.

फुकट असलं तरी नोंदणी चुकवू नका. नोंदणी क्रमांकाशिवाय औषधाच्या खिडकीवर काही मिळत नाही.

गोळ्या_आणि_इंजेक्शनं, कराड
आईंच्या औषधांचं सांगतो. नेहमीच्या बीपी-शुगरसाठी सिव्हिलला जायची गरजच नाही, जवळचं प्राथमिक आरोग्य केंद्र गाठा. अ‍ॅम्लोडिपिन, टेल्मिसार्टन, मेटफॉर्मिन, ग्लिमेपिराइड ही तिथली रोजची औषधं. सातारा जिल्हा तर राष्ट्रीय रक्तदाब नियंत्रण उपक्रमात महाराष्ट्रातल्या पहिल्या चार जिल्ह्यांपैकी होता. तिथून ही पद्धत बसली की रुग्णाची नोंद ठेवायची आणि एका वेळी ३० दिवसांच्या गोळ्या द्यायच्या. ५ दिवसांच्याच दिल्या तर महिन्याच्या मागा. साठा कमी असेल तर पुढची तारीख केसपेपरवर लिहून घ्या.

अडचण बहुतेक वेळा कुठं होते सांगतो. खाजगी डॉक्टरांची चिठ्ठी ब्रँडच्या नावानं असते, त्यात एका गोळीत दोन-तीन औषधं एकत्र. ती चिठ्ठी घेऊन थेट खिडकीवर गेलं की "हे आमच्याकडं नाही" असंच उत्तर येणार. खाजगी चिठ्ठीवर सरकारी औषध मिळत नाही. आधी केसपेपर काढा, जुन्या गोळ्यांची पाकिटं वैद्यकीय अधिकाऱ्यांसमोर ठेवा आणि मूळ औषधाच्या नावानं लिहून घ्या. एका गोळीच्या जागी दोन सुट्या गोळ्या येतील, काम तेच. घरी आल्यावर जुनी आणि नवी मिळून दुप्पट घेतली जात नाही ना, हे मात्र डोळ्यांत तेल घालून बघा. चक्कर येऊन पडण्याचं हे मोठं कारण आहे.

आता इन्सुलिन. सरकारी पुरवठ्यात सहसा ४० युनिट प्रति मिलीची बाटली असते. तिला ४०चीच सिरिंज लागते, लाल टोपणाची. केशरी टोपणाची १००ची सिरिंज वापरून २०च्या खुणेपर्यंत भरलं तर शरीरात फक्त ८ युनिट जातात. शुगर का उतरत नाही म्हणून मग डोस वाढवत नेतात आणि एखाद्या दिवशी बरोबर सिरिंज मिळाली की साखर एकदम खाली जाते. बाटली आणि सिरिंज एकाच ठिकाणाहून घ्या, आकडे जुळवून बघा. उन्हाळ्यात आणताना बर्फाला बाटली टेकू देऊ नका. गोठलेलं इन्सुलिन वाया जातं.

माणदेशी_७
चिठ्ठीचं मी सांगतो. आरोग्य विभागाच्या रुग्णालयात साठा संपला असेल तर स्थानिक पातळीवर, रुग्ण कल्याण समितीच्या निधीतून खरेदी करून द्यावं अशी तरतूद आहे. रुग्णाला बाहेर पाठवणं हा पहिला पर्याय नव्हे. म्हणून चिठ्ठी हातात आली की भांडायचं नाही, वैद्यकीय अधीक्षकांकडं जायचं आणि "हे औषध साठ्यात नाही" असं केसपेपरवर लिहून मागायचं. लिहायची वेळ आली की पुष्कळदा औषध निघतं. नाही निघालं तर आरोग्य विभागाच्या मदत क्रमांकाला, १०४ला फोन करा. लेखी तक्रार करताना प्राथमिक केंद्राची जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांकडं, जिल्हा परिषदेत. ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालयाची जिल्हा शल्यचिकित्सकांकडं. चुकीच्या टेबलावर दिलेला अर्ज महिनोन्महिने फिरत राहतो.

येरळाकाठ
खूप मदत झाली. वहिनींचं आणि योजनेचं कोणी सांगेल का? शेवटी सांगलीलाच न्यावं लागलं तर बाळंतपणाचे पैसे पडतील का?

कृष्णामाई_मिरज
नाही. बाळंतपणाला जननी शिशू सुरक्षा कार्यक्रम लागू होतो, २०११ पासूनचा, आणि तो वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयातही चालतो. साधं बाळंतपण असो की सिझेरियन, औषधं, तपासण्या, लागलं तर रक्त, सगळं मोफत. जेवण साध्या बाळंतपणाला ३ दिवस, सिझेरियनला ७ दिवस. घरून दवाखान्यात आणि परत घरी सोडायला १०२ची गाडी. बाळ आजारी पडलं तर एक वर्षापर्यंत त्याचेही उपचार यातच येतात. इथं केशरी-पिवळं काही नाही. फक्त गरोदरपणाची नोंदणी झालेली असू द्या आणि माता-बाल संरक्षण कार्ड बरोबर ठेवा. आशाताईंचा नंबर आजच घेऊन ठेवा, गाडी बोलवायला त्याच सगळ्यात उपयोगी पडतात.

महात्मा फुले जनआरोग्य योजनेत आता पांढरं कार्डही बसतं, कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत. पण ती भरती होऊन घ्यायच्या ठरावीक उपचारांची योजना आहे. महिन्याच्या गोळ्या त्यात नाहीत. डिस्चार्जनंतरची १० दिवसांची औषधं तेवढी मिळतात. भरती होतानाच आरोग्यमित्राच्या (योजनेचा दवाखान्यातला माणूस) टेबलावर रेशनकार्ड आणि आधार द्या, दोन्हीवरचं नाव जुळलं पाहिजे. बिल भरून झाल्यावर योजना लावून मिळत नाही. शंका असेल तर १५५३८८.

७० वर्षांवरच्यांचं वेगळं आयुष्मान वय वंदना कार्ड आहे, त्याला रेशनकार्ड किंवा उत्पन्न बघत नाहीत. त्यात आधारवरचंच वय धरतात. आईंचं आधारवर ६८च असेल तर अजून दोन वर्षं थांबावं लागेल. जन्मतारीख अंदाजानं १ जानेवारी टाकलेली असेल आणि जुना शाळेचा दाखला सापडत असेल तर दुरुस्ती आत्ताच करून घ्या.