टेक्सासहून ओक्लाहोमाला जाताना पिस्तुलाच्या पाट्यांचा नियम काय?

प्रश्न (धरमपेठ, नागपूर): पुढल्या महिन्यात आईबाबांना घेऊन डॅलसला ताईकडे जाऊन राहिलो, भाऊजी तिथले नागरिक आहेत, लायसन्स आहे, शर्टाखाली पिस्तूल असतेच, तिथून गाडीने ओक्लाहोमाला जायचं आहे. दुकानाच्या दारावर बंदीची पाटी असली तर नियम सगळीकडे सेमच ना? बाबांना लय टेन्शन आलंय.

उत्तर १: नाही भाऊ, राज्य बदललं की नियम बदलतो. टेक्सासमध्ये पाटीवर ३०.०६ (तिथल्या कायद्याचं कलम) म्हणजे लपवलेलं पिस्तूल बंद, ३०.०७ म्हणजे उघडं बंद. इंग्रजी आणि स्पॅनिश दोन्हीत, अक्षरं निदान १ इंच उंच. तशी पाटी ओलांडून आत गेलं की तोच गुन्हा. बारवर लाल ५१ टक्क्यांची पाटी (म्हणजे निम्म्याहून जास्त कमाई तिथेच प्यायच्या दारूतून) दिसली तर पिस्तूल घेऊन आत जायचंच नाही.

उत्तर २: ओक्लाहोमात खासगी दुकानाची पाटी ओलांडणं हाच गुन्हा नाही, पण निघा म्हटल्यावर नाही निघाले आणि पोलिस आले तर २५० डॉलरपर्यंत दंड. तरी माझं मत, पाटी दिसली की मान ठेवा ना. पोस्ट ऑफिसात मात्र दोन्हीकडे बंदच.

उत्तर ३: तुम्ही व्हिजिटर व्हिसावर ना? मग भाऊजींचं पिस्तूल हातातही घेऊ नका, गोळ्यासुद्धा नाही. शिकारीच्या लायसन्ससारखे थोडे अपवाद सोडले तर फेडरल म्हणजे केंद्राच्या कायद्याने मनाई आहे. बाबांनाही आधीच सांगून ठेवा.