टँकरच्या वेळापत्रकाला खेळकर टंक शोभतो का?

धागाकर्ता (शिक्षक, अंबाजोगाई): आमच्या शाळेच्या वाचनकोपऱ्यातील पाट्यांसाठी आम्ही मुंबईच्या ‘एक टाइप’ या संस्थेचा ‘बालू’ हा टंक (फॉन्ट) वापरला. त्याची टोके गोल आणि अंग भरीव असल्यामुळे अक्षर ब्रशाने रंगवल्यासारखे दिसते, आणि मुले थांबून वाचतात. ते पाहून शेजारच्या गावात टँकरच्या वेळापत्रकाचा फ्लेक्सही त्याच टंकात लागला. मला त्यात काही वावगे वाटत नाही. सरकारी दिसणारी सूचना वाचण्याचा लोकांना कंटाळाच असतो.

निवृत्त मुद्रितशोधक, बीड: मी असहमत आहे. देवनागरीत ‘भ’ आणि ‘म’, तसेच ‘ध’ आणि ‘घ’ यांतील भेद शिरोरेषेतील लहानशा खंडावर आणि एखाद्या गाठीवर उभा असतो. अक्षर फुगले की नेमकी हीच जागा आटते, आणि मग ‘भूम’ किंवा ‘धारूर’ ही गावांची नावे केवळ ओळखीच्या बळावर वाचावी लागतात. त्याच संस्थेच्या ‘मोदक’ टंकात तर अक्षरांच्या पोकळ्यांच्या जागी चिराच उरल्या आहेत. मिठाईच्या खोक्यावर तो देखणा दिसेल, पण वेळापत्रकावर नव्हे.

पाट्या रंगवणारा, जालना: साहेब, दोष जाडीचा आहे, खेळकरपणाचा नाही. ‘बालू’च्या सुधारित आवृत्तीत साध्यापासून अतिजाडपर्यंत पाच वजने (जाडीच्या पायऱ्या) आहेत, फ्लेक्सवाला सर्वांत जाड वजन उचलतो आणि ओळ बसेना की अक्षरे आडवी दाबतो. आम्ही ब्रशाने लिहायचो तेव्हा ‘भ’ची गाठ मुद्दाम मोठी काढत असू, कारण पाटी रस्त्याच्या पलीकडून वाचायची असते. (फ्लेक्समुळे माझे निम्मे काम गेले, तरी मी या टंकाची बाजू घेतो आहे, याची नोंद असावी. ‘ब्रशाने रंगवल्यासारखे’ हे मात्र मला पटत नाही; माझ्या हातून एकाच पाटीवरचे दोन ‘अ’ कधी तंतोतंत सारखे उतरले नाहीत.)

वाचक, छत्रपती संभाजीनगर: आमच्याकडे मराठीखाली उर्दू ओळ लागते. ‘बालू’ला ‘भाईजान’ नावाचा उर्दू जोडीदार आहे, त्यामुळे दोन्ही ओळी एका घरच्या दिसतात. तरीही तो नस्ख, म्हणजे आडव्या सरळ ओळीच्या वळणाचा आहे, आणि उर्दूच्या नेहमीच्या तिरप्या, उतरत्या नस्तालीक वळणाची सवय असलेले माझे शेजारी तो अडखळतच वाचतात.

निवृत्त मुद्रितशोधक, बीड: वजनाचा मुद्दा मान्य आहे, पण सुराचा प्रश्न उरतोच. व्हिन्सेंट कॉनेअर यांनी १९९४ मध्ये ‘कॉमिक सान्स’ रेखाटला तो मायक्रोसॉफ्टच्या एका सॉफ्टवेअरमधील कार्टून कुत्र्याच्या संवादफुग्यासाठी, आणि नंतर लोकांनी तो गंभीर सूचनांवरही लावला. आपल्या चौकात ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ ‘मोदक’मध्ये छापलेली चालेल का? चार दिवसांआड पाणी मिळणाऱ्या गावाला टँकरची वेळही तितकीच गंभीर असते.

पाट्या रंगवणारा, जालना: श्रद्धांजलीला चालणार नाही, हे कबूल. टँकरच्या पाटीपुरते एवढेच सांगतो की मधले वजन घ्या, अक्षरे दाबू नका, आणि गावांची नावे व वेळा साध्या ‘मुक्ता’ टंकात ठेवून फक्त मथळा ‘बालू’त लावा.

धागाकर्ता: तसा नमुना छापून घेतो. ‘भूम’ वीस पावलांवरून वाचता येतो का, हे आधी आमच्या चौथीच्या मुलांकडून तपासून घेईन.