टेन ब्रूक विरुद्ध मॉली मॅकार्टी, लुईव्हिल १८७८ : जिंकलं कोण, घोडा की चिखल?

चौखूर (धागाकर्ता)

४ जुलै १८७८ ला अमेरिकेत केंटकीतल्या लुईव्हिलला एक मॅच रेस, म्हणजे दोनच घोड्यांची आमनेसामने शर्यत झाली. तिच्याबद्दल माझं एक ठाम मत आहे. ते इथे मांडतो, पटलं नाही तर बिनधास्त खोडून काढा.

आधी थोडी पार्श्वभूमी. टेन ब्रूक हा केंटकीच्या फ्रँक हार्परचा घोडा, तेव्हा सहा वर्षांचा. केंटकी डर्बी या तिथल्या मानाच्या शर्यतीत, १८७५ च्या पहिल्यावहिल्या वर्षी, तो पाचवा आला होता, पण पुढच्या दोन वर्षांत त्याने विक्रमांचा सपाटाच लावला. सप्टेंबर १८७६ मध्ये याच लुईव्हिलच्या ट्रॅकवर त्याने चार मैल ७ मिनिटं १५¾ सेकंदांत कापले. मे १८७७ मध्ये एक मैल १ मिनिट ३९¾ सेकंदांत. मॉली मॅकार्टी ही कॅलिफोर्नियाच्या थिओडोर विंटर्सची पाच वर्षांची घोडी. तेरा शर्यती पळाली होती, तेराच्या तेरा जिंकली होती. दोघांची गाठ पडावी म्हणून दोन्ही बाजूंनी पाच-पाच हजार डॉलर लागले आणि ती शर्यत बघायला तीस हजारांच्या आसपास लोक जमले.

अंतर चार मैल, म्हणजे मैलाच्या ट्रॅकला चार फेऱ्या. तेही एकदाच नाही. तेव्हाच्या हीटच्या पद्धतीने (हीट म्हणजे चार मैलांची एक पूर्ण धाव) दोन हीट जिंकेल तो विजेता. मात्र एखादा घोडा ठरावीक अंतरापेक्षा जास्त मागे राहिला, तर तो 'डिस्टन्स' होऊन तिथेच बाद.

आदल्या रात्री धो-धो पाऊस पडला आणि ट्रॅकचा रबडा झाला. सुरुवातीला मॉली पुढे होती. मग टेन ब्रूकने तिला गाठलं, मागे टाकलं, आणि ती इतकी मागे पडली की पहिल्याच हीटमध्ये डिस्टन्स होऊन बाद झाली. जिंकणाऱ्याची वेळ ८ मिनिटं १९¾ सेकंद.

आता ही वेळ आणि १८७६ ची ७ मिनिटं १५¾ सेकंदांची वेळ शेजारी शेजारी ठेवा. तोच घोडा, तोच ट्रॅक, तेच चार मैल, आणि फरक ६४ सेकंदांचा. मैलामागे १६ सेकंद! ज्या दिवशी टेन ब्रूकसारखा घोडा स्वतःपेक्षा मिनिटभराने मंद पळतो, त्या दिवशीच्या निकालावरून दोघांत श्रेष्ठ कोण हे ठरवता येत नाही. तरीही जिथे-तिथे 'टेन ब्रूकने मॉलीचा धुव्वा उडवला' एवढंच लिहिलेलं असतं. माझ्या मते ही शर्यत श्रेष्ठत्वाचा पुरावा म्हणून बादच धरायला हवी.

धुरळा

चौखूर साहेब, धागा छान, पण साफ असहमत.

पाऊस टेन ब्रूकच्या वाट्याचा ट्रॅक सोडून फक्त मॉलीच्या वाट्यावर पडला नव्हता. ६४ सेकंदांचा फरक दाखवून तुम्ही फार तर एवढंच सिद्ध केलंत की ट्रॅक जड होता. तो दोघांनाही जड होता. प्रश्न आहे त्या जड ट्रॅकवर कोण टिकलं, आणि त्याचं उत्तर निकालात आहे. मॉली मानेने किंवा अर्ध्या लांबीने हरली असती तर 'चिखल नसता तर' म्हणायला जागा होती. ती डिस्टन्स झाली.

शिवाय मातीच्या ओल्या ट्रॅकवर पुढे पळणाऱ्याचा एक फायदा असतो, तो तुम्ही सोडून दिलात. मागच्या घोड्याच्या नाका-डोळ्यांत पुढच्याच्या टापांचा चिखल उडत राहतो. जॉकीचं तोंड माखतं, घोडा मान वर करतो, काही घोडे तर तिथेच कच खातात. मॉली पुढे असेपर्यंत तो मारा टेन ब्रूकने सोसला. तो सोसून तो पुढे गेला. हे श्रेष्ठत्व नाही तर काय?

ओल्या ट्रॅकवर पळता येणं हा घोड्याचाच गुण आहे. आपल्या पुण्याचा हंगाम तर ऐन पावसाळ्यात असतो. गवताचा ट्रॅक, रेसच्या दिवशी पेनेट्रोमीटरचं (ट्रॅक किती मऊ आहे ते मोजणाऱ्या उपकरणाचं) रीडिंग जाहीर होतं, आणि जाणकार माणूस तो आकडा बघून आपला घोडा बदलतो. ओल्या ट्रॅकवर जिंकणाऱ्या घोड्याला कुणी 'पावसाने जिंकला' म्हणून बाद करत नाही.

चौखूर

धुरळा, चिखल तोंडावर उडण्याचा मुद्दा बरोबर आहे, पण तो मैल-सव्वा मैलाच्या शर्यतीत जास्त लागू पडतो. चार मैलांत खरा प्रश्न पाय उचलण्याचा. आणि चिखल-चिखलांत फरक असतो. पाऊस चालू असताना मातीच्या ट्रॅकवर वर पाणी आणि खाली टणक थर असेल, तर घोडे पाणी उडवत बऱ्यापैकी वेगात पळतात. रात्री पाऊस थांबला आणि दिवसा जुलैचं ऊन तापलं की पाणी आटतं आणि उरतो तो चिकट गाळ. टाप आत जाते, बाहेर येताना माती तिला धरून ठेवते. अशा ट्रॅकवर आघाडीला पळणारा घोडा सगळ्यात आधी रिता होतो, कारण वेग तो ठरवत असतो आणि श्वास घ्यायला त्याला उसंत नसते.

दुसरं, तुमचा विजेता तरी कुठे ताजातवाना होता? त्या दिवशी तो नेहमीचा टेन ब्रूक वाटतच नव्हता. शर्यतीनंतर त्याला काहीतरी चारलं गेल्याची अफवा उठली ती त्यामुळेच. त्यानंतर तो पुन्हा शर्यतीत उतरला नाही. मॉली कॅलिफोर्नियाहून रेल्वेने अर्धा देश ओलांडून आली होती, आणि हा घोडा आपल्या घरच्या ट्रॅकवर पळत होता. एवढं असूनही त्याची ही अवस्था. मग तुलना कशाची करायची?

मोतद्दार

मी घोड्यांच्या पागेत काम केलेला माणूस. श्रेष्ठ कोण ते तुम्ही ठरवा. चिखलात घोड्याचं काय होतं तेवढं सांगतो, कारण वर दोघेही ते लांबून सांगताय.

जड ट्रॅकवरून घोडा परत आला की आधी पोटाखालचा आणि मागच्या पायांमधला गाळ पाण्याने सोडवावा लागतो. वाळला तर केसांसकट निघतो. मग एकेक पाय उचलून खुराच्या खोबणीतली माती आकडीने काढायची. ती इतकी दाबून बसलेली असते की ढेकूळ एका तुकड्यात निघतं आणि त्यावर नालेचा ठसा असतो. नाल सैल झाली आहे का ते हाताने हलवून बघायचं, कारण चिखल नाल ओढतो. आणि सगळ्यात शेवटी पोटऱ्यांच्या मागच्या शिरांवरून तळहात फिरवायचा. तिथे गरम लागलं तर पुढचे काही आठवडे त्या घोड्याचं काम बंद. माझ्या हाताला असे दोन चांगले घोडे लागलेत आणि दोन्ही पुन्हा पूर्वीसारखे पळाले नाहीत.

हे सगळं एका छोट्या गॅलपनंतरचं. इथे चार मैल, आणि नियमाप्रमाणे थोड्या वेळाने पुन्हा चार मैल पळायची तयारी ठेवून. मॉली पहिल्याच हीटमध्ये बाद झाली म्हणून दुसरी टळली, नाहीतर त्याच चिखलात ते आठ मैल पळाले असते. मला तर वाटतं डिस्टन्सच्या नियमाने त्या दिवशी दोन्ही जनावरांवर उपकारच केले.

रेवाकाठ

घोडा की चिखल यावर एवढं लिहिलं गेलं आणि लगाम हातात धरणाऱ्या माणसाचं नाव अजून धाग्यात नाही, म्हणून लिहिते.

टेन ब्रूकवर विल्यम वॉकर होता, सगळे त्याला बिली म्हणत. १८६० साली केंटकीत गुलामगिरीत जन्मलेला कृष्णवर्णीय मुलगा, या शर्यतीच्या वेळी जेमतेम अठराचा. आदल्याच वर्षी त्याने बाडेन-बाडेन या घोड्यावर केंटकी डर्बी जिंकली होती. त्या काळात केंटकीचे बहुतेक जॉकी कृष्णवर्णीयच होते. १८७५ च्या पहिल्या डर्बीत पंधरापैकी तेरा.

शर्यतीआधी अफवा पसरली की वॉकर पैसे खाऊन शर्यत सोडणार आहे. त्यावर लुईव्हिल जॉकी क्लबचा प्रमुख लुईस क्लार्क याने त्याला लोकांदेखत बजावलं की तू जिंकण्यासाठी पळाला नाहीस तर झाडाला लटकवू. ही केंटकीतली १८७८ सालची धमकी आहे. तिथे कृष्णवर्णीय माणसाला झाडाला लटकवणं प्रत्यक्षात घडत होतं. ती ऐकून हा पोरगा खोगिरावर बसला.

आणि मग त्याने काय केलं ते बघा. घाबरलेला जॉकी पहिल्याच फेरीत घोडा सोडून देतो, म्हणजे कुणी शंका घेऊ नये. वॉकरने मॉलीला पुढे जाऊ दिलं. तीस हजार लोकांना वाटू शकत होतं की हा खरंच शर्यत विकतोय, आणि तरी तो मागे बसून राहिला, कारण त्या गाळात चार मैल जायचे तर घोड्याचा दम शेवटच्या फेऱ्यांसाठी राखायला हवा हे त्याला कळत होतं. चौखूर दादा, आघाडीचा घोडा आधी रिता होतो असं तुम्हीच म्हणता. मग त्या दिवशी हे ओळखून वागलं कोण? ही शर्यत ना चिखलाने जिंकली, ना एकट्या घोड्याने. ती वॉकरच्या डोक्याने आणि छातीने जिंकली.

पुढे घोड्यांच्या वंशावळींचा जाणकार म्हणून त्याचा शब्द मोठमोठे ब्रीडर, म्हणजे घोड्यांची पैदास करणारे, मानत. १९३३ ला तो गेला आणि त्याच्या थडग्यावर नावाचा दगड लागायला १९९६ साल उजाडलं. टेन ब्रूक १८८७ मध्ये मेला, तेव्हा त्या घोड्याचं स्मारक मात्र लगेच उभं राहिलं.

धुरळा

रेवाताई, वॉकरबद्दल जे लिहिलंत त्याला मनापासून दाद. धमकीचा प्रसंग वाचून अंगावर काटा आला.

पण तुमचा मुद्दा माझ्याच बाजूने जातो. जॉकी दम राखू शकतो, पण मुळात घोड्याकडे दम असेल तरच. मॉलीला तिसऱ्या-चौथ्या मैलात उत्तर देता आलं नाही. तेरा विजयांत तिची अशी कसोटी लागलीच नव्हती, असं का म्हणू नये?

आडवाट

तुम्ही सगळे कोण जिंकलं यावर भांडताय. माझं म्हणणं वेगळं आहे : ही शर्यत त्या दिवशी घ्यायलाच नको होती.

तारीख पुढे का ढकलली नाही ते उघड आहे. चार जुलै म्हणजे तिथली राष्ट्रीय सुट्टी, तिकिटं घेऊन लोक आलेले, पैजा लागलेल्या. क्लार्कला तीस हजार माणसं परत पाठवायची नव्हती. ट्रॅकची अवस्था सगळ्यांना डोळ्यांनी दिसत होती. जिथे गल्ला आणि गर्दी ठरवते, तिथे जनावराला कुणी विचारत नाही. आपल्याकडेही बैलगाडा शर्यतींवरून काय-काय वाद झाले ते सगळ्यांना माहीत आहे, त्यात शिरत नाही.

चार मैलांच्या हीटची अमेरिकेतली ही शेवटची मोठी शर्यत. त्यानंतर छोट्या अंतराच्या, एकाच धावेत निकाल लागणाऱ्या शर्यतींनी ती पद्धत मोडीत काढली. मला यात नुकसान काहीच दिसत नाही.

आणि मॉलीबद्दल. या शर्यतीवर जे लोकगीत तयार झालं, आणि पुढे ब्लूग्रास या अमेरिकन लोकसंगीताच्या गायकांनी गाऊन गाऊन घरोघर पोचवलं, त्यात मॉली कोसळते आणि तिला पुरायची तयारी होते. प्रत्यक्षात ती जगली. पुढे कॅलिफोर्नियात लकी बाल्डविन या घोडेमालकाकडे गेली, तिला पिल्लं झाली, आणि ती १८८३ मध्ये मेली. त्यानंतर पाच वर्षं जगलेल्या घोडीला गाण्याने त्याच ट्रॅकवर मारून टाकलं. लोकांना त्या दिवशी काय बघितल्यासारखं वाटलं असेल, याचा अंदाज मला त्यावरून येतो. इतिहास म्हणून गाणं खोटं, पण ती घोडी मरायला टेकली होती हे लोकांनी पाहिलंच असणार.

मोतद्दार

आडवाट, पुढे ढकलण्याबद्दल सहमत. दोन दिवस थांबले असते तर ट्रॅक नांगरून, फिरवून वापरण्याजोगा झाला असता.

धुरळा

दोन दिवस थांबायचं आणि पुन्हा पाऊस आला तर? कॅलिफोर्नियाहून आलेली घोडी तिथेच बांधून ठेवायची? जनावराच्या काळजीशी माझा वाद नाही. वाद आहे तो निकाल बाद धरण्याशी. दोन्ही मालकांनी ट्रॅक पाहिला, दोघांनी घोडे आणले. विंटर्सला माघार घ्यायची मुभा होती, पैज गेली असती इतकंच.

चौखूर

नोंदवहीतून टेन ब्रूकचा विजय पुसा, असं मी म्हणतच नाहीये. तो विजय त्याचा आणि, रेवाताई म्हणतात तसं, वॉकरचाही. माझी मागणी एवढीच की जिथे-जिथे मॉलीचा पराभव लिहिला जातो, तिथे त्याच ओळीत ट्रॅकची अवस्था आणि ८ मिनिटं १९¾ ही वेळही लिहा. वाचणारा काय ते ठरवेल. आज ती घोडी तेरा विजयांसाठी नाही, एका पावसाळी दिवसासाठी ओळखली जाते, हे मला सलतं.

धुरळा

लिहा की. पण मग तोच न्याय सगळीकडे लावा. तुम्ही ज्या ७ मिनिटं १५¾ सेकंदांशी तुलना करताय, ती वेळ घड्याळाविरुद्धच्या धावेतली आहे. समोर प्रतिस्पर्धी नाही, कुणी आव्हान देणारं नाही, विक्रम करायचा म्हणूनच घोडा काढलेला. ती वेळ टेन ब्रूकची रोजची वेळ नव्हेच. ६४ सेकंदांचा तुमचा सगळा हिशेब त्या एका खास दिवसावर उभा आहे. चिखलातला दिवस अपवाद म्हणून बाजूला ठेवायचा असेल, तर विक्रमाचा दिवसही ठेवा, आणि मग सांगा ट्रॅकने किती सेकंद खाल्ले.