टीम खरं काय ते सांगत नाही, सुरुवात कुठून करू?

प्रश्न:
नुकतीच टीमची प्रमुख झाले आहे. व्यवस्थापनाच्या तत्त्वांवर बरंच वाचलं. पण माझ्या मीटिंगमध्ये ‘सगळं व्यवस्थित चालू आहे’ एवढंच ऐकू येतं आणि अडचण कळते ती मुदत उलटल्यावर. आधी काय बदलू?

उत्तर १:
मोजता येतील अशी मोजकीच उद्दिष्टं लिहा. इंटेलमध्ये अँडी ग्रोव्ह यांनी ही पद्धत बसवली, १९९९ मध्ये जॉन डोअर यांनी ती गुगलमध्ये नेली.

उत्तर २:
मोजणं नंतर. आधी वाईट बातमीला वर यायची वाट हवी. मी उत्पादन विभाग सांभाळतो, म्हणून टोयोटाचं उदाहरण देतो. तिथे दोष दिसला की साधा कामगारही इशारा द्यायला उत्पादनाच्या लाइनजवळची दोरी ओढतो. टीम लीडर लगेच येतो आणि वेळेत तोडगा निघाला नाही तर लाइन थांबते.

कॅलिफोर्नियात फ्रीमाँटला जनरल मोटर्सचा कारखाना १९८२ मध्ये बंद पडला होता. १९८४ मध्ये टोयोटाच्या भागीदारीत तिथेच पुन्हा गाड्या बनू लागल्या. कामगार बहुतेक जुनेच, दर्जा मात्र पार बदलला. माणसं तीच होती हो, बदलली ती कामाची पद्धत! प्रत्येक नव्या सुपरवायझरला मी हे आवर्जून सांगतो.

तुम्ही मीटिंगची सुरुवातच ‘कुठे अडलंय?’ या प्रश्नाने करा. जो सांगेल त्याला जाब विचारू नका, मदत काय हवी ते विचारा.

उत्तर ३:
सहमत. आणि मदत त्याच दिवशी पोहोचू द्या. नाहीतर पुढच्या वेळी कोणी तोंड उघडणार नाही.